पाकिटावर कोणतं खातं लिहू?

९ जानेवारी

लाडक्या वन्सं,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, फक्त माझं मागचं पत्र परत आलं. पाकिटावर तुझं नाव आणि खाली 'पाण्याचं खातं, विद्यापीठ' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. कुणीतरी लाल पेनाने 'असे खाते नाही' असा शेरा मारून परत पाठवलं. तिकीट वाया गेलं. पाकीट मात्र मी सोडवून, उलटं करून पुन्हा चिकटवलंय. आतल्या बाजूला माझंच अक्षर दिसलं तर दचकू नकोस.

तू म्हणशील, फोन कर. फोनवर तुझे दादा शेजारी उभे राहून 'तिला हे विचार, तिला ते विचार' करतात, आणि आपण दोघी फक्त 'बरंय, बरंय' म्हणतो. पत्रात मध्ये कुणाला बोलता येत नाही.

तर कायमच्या जागेसाठी अर्ज केलास हे समजलं. तुझ्या दादांना ही तुझी तिसरी हंगामी नोकरी बोचते. काल म्हणाले, "हंगामी म्हणजे काय, फळ आहे का ती?" त्यांच्या शाळेतल्या मित्राची कंपनी तुला माहीत आहे, बँकांची कॉम्प्युटरची कामं करतात. त्यांनी तुझ्यासाठी एक जागा राखून ठेवलीय. पगार आताच्या दुप्पट. ते म्हणतात, मे महिन्यात तुझी मुदत संपते, तोवर थांबतो. दादांनी 'बघू' म्हटलंय. त्यांचं 'बघू' म्हणजे होच असतं, हे तुला मी सांगायला नको.

मला एक सांग, तू नक्की कोण आहेस? पाण्याची इंजिनीअर की कॉम्प्युटरची? शेजारच्या काकू दर आठवड्याला विचारतात. मी 'मोठी आहे' एवढंच सांगून विषय बदलते.

तुझी,
वहिनी

२० जानेवारी

ती. वहिनीस नमस्कार.

उलटं पाकीट मिळालं. आमच्या शिपाईकाकांनी ते दोन्ही बाजूंनी वाचून मगच दिलं.

मी कोण हे काकूंना कळायला हवं असेल तर असं सांग. शहराच्या कडेला एक तळं आहे. पिण्याचं पाणी तिथूनच येतं. पंधरा-वीस नाले त्यात येऊन पडतात. कुठल्या नाल्यातून घाण येतेय हे वेळेवर कळलं तर तो वळवता येतो. पण प्रत्येक नाल्यावर पाणी तपासणारं यंत्र बसवण्याइतका पैसा कुणाकडे नाही. मिळतात पाच-सहा यंत्रं. ती नेमकी कुठे बसवली म्हणजे साऱ्या तळ्याची खबर राहील, हे कॉम्प्युटर शोधून देतो. आणि ते शोधायचं कसं हे त्याला मी शिकवते. म्हणून अर्धा दिवस खुर्चीत आणि अर्धा दिवस चिखलात.

जागा एक आहे आणि विभाग दोन, कॉम्प्युटरचा आणि पर्यावरण अभियांत्रिकीचा. निवड समितीत दोन्हीकडचे प्रमुख बसणार. कॉम्प्युटरच्या प्रमुखांना मी मनात 'चष्मेवाले' म्हणते. ते दोन चष्मे बाळगतात, एक डोळ्यावर आणि एक कपाळावर, आणि दोन्हींतून मला विचारतात, "यात नवीन गणित कुठलं?" पर्यावरणचे प्रमुख बारा महिने गमबूट घालतात. त्यांचं एकच, "बाई, पाण्यात हात कधी घातलात का?" कालच घातला होता, पण तोवर वाळला होता.

मला दोन्ही विभागांत टपालाचा कप्पा नाही. जिन्याखालच्या खोलीत मी आणि तीन बिघडलेले प्रिंटर बसतो. पाकिटावर सध्या 'जिन्याखाली' एवढंच लिही, काका आणून देतील.

वहिनी, ही जागा मला हवीच आहे. कंपनीत गेले तर बँकांची कामंही मी मन लावून करीन, वाईट करणार नाही. पण मी उठले की या तळ्याचं काम कपाटात जाईल, आणि कपाटातून काम परत बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात समितीपुढे भाषण आहे. दोघांचं तोंड दोन दिशांना. काय बोलू?

तुझी,
वन्सं (दातओठ खाऊन)

२९ जानेवारी

लाडक्या वन्सं,

दातओठ खाऊ नकोस. लग्न होऊन आले तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस, नाकातून वाहत होतं, आणि सासूबाईंनी सांगितलं, "हिला वन्सं म्हणायचं." तेव्हा मला हसू आलं होतं, आता सवय झाली.

काय बोलू म्हणतेस, तर माझं ऐक. या घरात सासूबाईंना चहा कडक लागायचा आणि मामंजींना पांचट. मी वाद कधी घातला नाही. सासूबाईंना म्हणायचे, "तुमचंच खरं, चहा कडकच हवा." मामंजींना म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे, कडक चहाने पित्त होतं." दोघांनाही वाटायचं, सून माझ्या बाजूची. तूही तेच कर. चष्मेवाल्यांना गणित वाढ, गमबूटवाल्यांना चिखल वाढ. ज्याला जे रुचतं ते त्याच्या पानात.

देवापुढे बसून तुझ्यासाठी मागणं केलंय. वशिला मी कुणाकडे लावत नाही, देवाकडेसुद्धा. एवढंच म्हटलं, पोरीच्या तोंडून सरळ बोलणं येऊ दे, पुढचं तुझं तू बघ.

तुझी,
वहिनी

२४ फेब्रुवारी

ती. वहिनीस नमस्कार.

भाषण झालं. बोलून झाल्यावर दोघांनीही मान हलवली. निकाल यायचाय. कामाचा डोंगर आहे, सविस्तर नंतर लिहीन.

तुझी,
वन्सं

६ मार्च

अगं वन्सं,

दोघांनी मान हलवली! म्हणजे झालंच की. अशी माणसं तोंडाने कधी हो म्हणतात का? मामंजींनी उभ्या आयुष्यात माझ्या हातच्या जेवणाला 'छान' म्हटलं नाही, फक्त मान हलवायचे, आणि त्यातच मला पावती मिळायची.

काकूंना मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आता तुमची नणंद प्रोफेसरीण! आमच्या ओळखीत राहील ना?" मी म्हटलं, "पाणी पिताय तोवर राहील." जरा जास्तच बोलले, पण बोलताना गोड वाटलं.

तुझे दादा मात्र विचारतात, "ऑर्डर हातात आली का?" आली की लगेच कळव. पत्र इतकं छोटं का होतं? डोळे दुखत नाहीत ना?

तुझी,
वहिनी

२० मार्च

ती. वहिनीस नमस्कार.

डोळे ठीक आहेत. दोघांनी मान हलवली हे खरंच होतं. कुठल्या दिशेने हलवली, ते मी लिहिलं नव्हतं.

आडवी हलवली, वहिनी.

आता सगळं सांगते. भाषणाच्या आदल्या दिवशी चष्मेवाल्यांना भेटले आणि म्हटलं, "सर, मी मुळात गणिताचीच." ते खूश झाले. सकाळी गमबूटवाल्यांबरोबर चहा घेतला आणि म्हटलं, "सर, मी मुळात पाण्याचीच." तेही खूश झाले. भाषणात अर्धा वेळ एकाकडे बघून बोलले, अर्धा वेळ दुसऱ्याकडे. मला वाटलं, काय छान वाढतेय मी!

मग चष्मेवाले समितीच्या अध्यक्षबाईंना म्हणाले, "गणित कच्चं आहे, पण त्याचं काय एवढं. बाई पर्यावरणवाल्यांच्याच आहेत." गमबूटवाले म्हणाले, "छे! यांना तळ्यापेक्षा कॉम्प्युटरचा पडदाच बरा. या तुमच्याच." "मला तर काल म्हणाल्या की..." "आणि मला आज सकाळी म्हणाल्या की..." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि हसले. दहा वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं, माझ्यावरून त्यांचं सूत जुळलं. मी मध्ये उभी. तळ्यात मळ्यात खेळताना बाद झालेल्या पोरासारखी.

दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय! जागा कुणालाच दिली नाही. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' म्हणून पुन्हा जाहिरात निघालीय.

मी खूप रडले. मग तळ्यावर गेले. एका नाल्याच्या मोरीत बसवलेलं यंत्र काढून बघितलं. ते महिनाभर सांगत होतं, पाणी स्वच्छ. आणि त्याच मोरीच्या तोंडाशी मासे मरून पडले होते. ते यंत्र हातात घेऊन मी काठावर बसले. त्यातून मला एक गोष्ट उमगली, ती समितीपुढेच बोलेन.

कारण मी पुन्हा अर्ज केलाय. पुढच्या महिन्याच्या शेवटी पुन्हा भाषण. या वेळी दोघांना एकच पान. आता दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही, ठरलं म्हणजे ठरलं.

काकूंना काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझी,
वन्सं

२ एप्रिल

लाडक्या वन्सं,

काकूंना सांगितलं, ऑर्डर टपालात अडकलीय. देव मला क्षमा करो. आपली पत्रं अडकतात तशी ऑर्डरही अडकू शकते, अगदीच खोटं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चहाचं भांडं हातात घेऊन बसले. वन्सं, सल्ला देताना मी एक गोष्ट सांगायची विसरले. सासूबाई आणि मामंजी जन्मात कधी एका वेळी चहाला बसले नाहीत. मामंजी पहाटे प्यायचे, सासूबाई पूजा झाल्यावर. म्हणून माझं निभावलं. तुझ्यापुढे दोघं एका टेबलाशी बसलेले. सल्ला फुकटातला होता, तेव्हा तक्रार करू नकोस.

तू रडलीस हे वाचून मला इथे काही सुचेना. पण शेवटी लिहिलंस ना, 'दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही', ते वाचून मी ताठ झाले. अशीच राहा. दोन दोऱ्या धरून कुणी विहिरीतून वर आलं नाही. तू तुझ्या बाजूचं बघ, मी माझ्या बाजूचं बघते.

मेलेल्या माशांचं वाईट वाटलं. आमच्या नळाला येतं ते पाणी कुठल्या तळ्याचं, हे मी आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं. काल तुझ्या दादांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, "नळाचं."

तुझी,
वहिनी

३० एप्रिल

ती. वहिनीस नमस्कार.

काल भाषण झालं. या वेळी आधी कुणाला भेटले नाही, कुणाचा चहा घेतला नाही. आत गेले आणि ते मोरीतलं यंत्र टेबलावर ठेवलं, शेवाळासकट. टेबलावरचं स्वच्छ फडकं हिरवं झालं. अध्यक्षबाईंनी खुर्ची मागे घेतली.

मी म्हटलं, "हे यंत्र महिनाभर खोटं बोललं. शेवाळ चढलं आणि त्याला बाहेरचं पाणी दिसेनासं झालं. तरी आकडे नीटनेटके येत राहिले, म्हणून माझ्या कॉम्प्युटरने विश्वास ठेवला. पर्यावरणवाले म्हणतील, यंत्र पुसायला हवं होतं. कॉम्प्युटरवाले म्हणतील, आकडे पारखायला हवे होते. दोघांचंही बरोबर, आणि मासे मेले." मग मी दाखवलं की कसलीच तक्रार न करता फार शहाण्यासारखं गप्प बसलेलं यंत्र ओळखायला मी कॉम्प्युटरला कसं शिकवलं. घरात पोरं एकदम गप्प झाली की तू जशी उठून बघायला यायचीस, अगदी तसं.

आणि गंमत ऐक. चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून विचारलं, "शेवाळ उन्हाळ्यात लवकर चढतं का?" आणि गमबूटवाल्यांनी विचारलं, "तुमचा कॉम्प्युटर हे किती खात्रीने सांगतो?" दोघांनी एकमेकांचे प्रश्न विचारले!

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "जागा देता येईल. निम्म्या तुम्ही इकडच्या, निम्म्या तिकडच्या."

हे ऐकायला मी सहा वर्षं थांबले होते. आणि मी काय म्हटलं असेल? "नाही."

मी म्हटलं, "निम्म्या माणसाला दोन्हीकडच्या मीटिंगा पूर्ण असतात. आणि बढतीची वेळ आली की हे म्हणतील, तिचं तिकडचं काम आम्ही का मोजू? ते म्हणतील, तिचं इकडचं काम आम्ही का मोजू? पाहुणी म्हणून मला दोन्हीकडे जागा नको. एक घर द्या. दुसऱ्या घरी मी रोज जाईन, तिथली मुलंही शिकवीन. पण माझं नाव कुणाच्या दारावर, हे आधी लिहून द्या. नाहीतर मी येणार नाही."

"विचार करून कळवतो" म्हणालेत. एवढा धीर कुठून आला सांगू? कंपनीचं दार उघडं होतं म्हणून. पाठीमागे भिंत असली की माणूस ताठ उभा राहतो. दादाला सांग, त्याच्या मित्राला अजून थोडे दिवस थांबव म्हणावं.

तुझी,
वन्सं

५ मे

वन्सं,

पत्र उभ्याने वाचत होते, शेवटाला आले आणि खाली बसले.

ते दार मी बंद केलंय.

तूच लिहिलं होतंस ना, 'आता दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही, ठरलं म्हणजे ठरलं'? मला वाटलं, कंपनीबद्दल बोलतेयस. आता मार्चचं ते पत्र काढून पुन्हा वाचलं. तू त्या दोन विभागांच्या दारांचं म्हणत होतीस. मला मेलीला दार म्हटल्यावर एकच आठवलं.

गेल्या महिन्यात दादांचे मित्र घरी आले होते. दादा म्हणायला लागले, "ती येईल हो, कुठे जाते!" मी चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "भावजी, ती येणार नाही. तिने ठरवलंय. तुम्ही खोळंबू नका, दुसऱ्या कुणाच्या पोटापाण्याची सोय होईल." त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस घेतला. या घरात तुझ्या दादांच्या आधी मी पहिल्यांदाच बोलले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घर शांत होतं, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तुला कळवणार होते, पण म्हटलं भाषण होऊ दे, मग आनंदाने सांगू.

आता काय करू? इथे मी एक ओळ लिहिली होती, 'अट मागे घे, निम्मं तर निम्मं.' ती खोडलीय. उजेडात धरलंस तर दिसेल, म्हणून मीच सांगते. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी पंचवीस वर्षं माहेरी पाहुणी आणि सासरी परकी ऐकलंय, आणि माझं नाव कुठल्या दारावर आहे हे अजून कुणी लिहून दिलेलं नाही. तू मागितलंस. मला ते आवडलं.

नाहीच जमलं, तर मधली खोली तुझीच आहे. तिथे तू पाहुणी नव्हतीस आणि होणार नाहीस. दादा कुरकुरतील. कुरकुरू देत.

रागावलीस तर रागाव, पण पत्राने रागाव. फोनवर मला ऐकवणार नाही.

तुझी,
वहिनी

१८ मे

ती. वहिनीस नमस्कार.

रागावले. खूप रागावले. त्या दिवशी तुला फोन लावला नाही तो एवढ्यासाठीच. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग डोळ्यांपुढे आला, तू कप ठेवतेयस आणि 'भावजी' म्हणतेयस, आणि प्रिंटरच्या मध्ये बसून मी एकटीच हसले.

पण तुझं पत्र आल्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मुदत संपत आलेली, पाठीमागची भिंत गेलेली. दोनदा अध्यक्षबाईंच्या दारापर्यंत जाऊन आले. आत जाऊन म्हणायचं होतं, 'निम्मं चालेल.' दोन्ही वेळा परत फिरले.

परवा गमबूटवाल्यांनी बोलावलं. ते तळ्यावरून आले होते, खोलीभर चिखलाचे ठसे. म्हणाले, "बाई, शेवटचं विचारतो. निम्म्या-निम्म्यावर चालेल का? ते सोपं पडतं. एका विभागाने पूर्ण घ्यायचं म्हणजे आम्हाला दुसऱ्या एका जागेवर पाणी सोडावं लागेल."

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. आता कुठलंच दार उघडं नाही हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाही सर. चालणार नाही." मागच्या वेळी म्हटलं होतं तेव्हा आवाज खणखणीत होता. या वेळी कापला. पण 'नाही'च म्हटलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर चष्मेवाल्यांची सही आधीच होती. जागा पूर्ण पर्यावरणकडे, बढतीचा निर्णयही त्यांच्याकडे, आणि कॉम्प्युटरच्या मुलांना एक विषय मी शिकवायचा, तेही काम इथेच मोजलं जाईल. सगळं लिहिलेलं. मी वाचत होते तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, बूट कितीचे लागतात?"

मला कळेना.

"गमबूट हो. भांडारातून मागवायचेत. आमच्या विभागात सगळ्यांना मिळतात."

वहिनी, तिथे मी रडले. बुटांचं माप सांगताना.

कंपनीचं दार उघडं असतं तर दुसऱ्यांदा 'नाही' म्हणणारी मी, की ते दार, हे मला कधीच कळलं नसतं. तरीही पुढच्या वेळी माझ्या वतीने कुणाला चहा देण्याआधी मला विचार.

टपालाच्या खोलीत आता कप्पा आहे. नावाची चिठ्ठी शिपाईकाकांनी स्वतः चिकटवली, जरा तिरकी झालीय. पाकिटावर असं लिही: पर्यावरण अभियांत्रिकी विभाग, विद्यापीठ. जिन्याखाली लिहू नकोस.

तुझी,
वन्सं

२५ मे

लाडक्या वन्सं,

आशीर्वाद. देवापुढे साखर ठेवली. काकूंना सांगितलं, टपालात अडकलेली ऑर्डर सुटली. त्यांनी विचारलं, "मग शेवटी पाण्याची की कॉम्प्युटरची?" मी म्हटलं, "घरची." त्यांना काही कळलं नाही, मी समजावतही बसले नाही.

तुझ्या दादांनी मित्राला फोन करून सांगितलं, "आमच्या बहिणीने निम्मी जागा नाकारून पूर्ण घेतली." जसं काही ते तुझ्या शेजारीच उभे होते. बोलू दिलं. संध्याकाळी मलाच म्हणाले, "तू त्या दिवशी मध्ये बोललीस ते बरं झालं." मी मान हलवली. कुठल्या दिशेने ते सांगत नाही.

नव्या बुटांत कोरडे मोजे घाल, नाहीतर पायांना चिखल्या होतील.

आणि पाकीट नीट बघ. आत काही लिहिलेलं नाही, उलटं केलेलं नाही. दुकानातून नवं कोरं आणलंय. तुझ्या खात्याचं नाव त्याच्यावर पहिल्यांदाच लिहायचं होतं.

तुझी,
वहिनी